आधी प्रश्न तपासा, मग पोरं: केंद्राच्या चाचणीचं पद-विश्लेषण ते रॅश मॉडेल

आमच्या केंद्रात पाचवीच्या चाचणीला आम्हीच काढलेला एक प्रश्न होता: ‘गटात न बसणारा शब्द ओळखा – कापूस, तूर, सोयाबीन, गहू.’ उत्तरसूचीत ‘कापूस’ होतं, कारण बाकीची तिन्ही खायची. पेपर तपासताना कुणालाच काही खटकलं नाही. पुढे उत्तरं कॉम्प्युटरवर भरली तेव्हा दिसलं, की एरवी जवळजवळ पूर्ण पेपर बरोबर सोडवणारी पोरं नेमकी इथेच चुकली होती, आणि बहुतेकांनी एकच पर्याय घेतला होता: गहू. एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, “सर, ते तिन्ही पावसाळ्यात पेरतात, गहू दिवाळीच्या टायमाला.” खरीप आणि रब्बी तिला वावरातूनच ठाऊक होतं. तिचं उत्तर आमच्या उत्तराइतकंच बरोबर, आणि आम्ही तिला शून्य दिला होता.

बी.एड.ला पद-विश्लेषण, म्हणजे पेपरातला एकेक प्रश्न (पद) कसा चालला ते उत्तरांवरून तपासणं, आपण सगळेच शिकलो, परीक्षेपुरतं लिहिलंही. केंद्रातल्या दहा-बारा शाळांची शंभर-सव्वाशे पोरं एकच पेपर सोडवतात तेव्हा ते खरंच करून पाहता येतं, आणि त्याच्या एक पाऊल पुढचं, पोराची क्षमता आणि प्रश्नाचं काठिण्य एकाच मापाने मोजणारं रॅश मॉडेलसुद्धा. एक लॅपटॉप, स्प्रेडशीट आणि दोन-तीन संध्याकाळी एवढं पुरतं. मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने सांगतो. खालचे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत.

१. उत्तरं भरणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बरोबर-चूक भरू नका, पोराने कोणता पर्याय निवडला ते भरा: १, २, ३ किंवा ४. बरोबर-चूक नंतर स्प्रेडशीट स्वतः काढते, पण निवडलेला पर्याय एकदा हातचा गेला की परत मिळत नाही. गव्हाची गोष्ट आम्हाला कळली ती पर्याय भरले होते म्हणूनच.

एका ओळीत एक विद्यार्थी, एका स्तंभात एक प्रश्न. नावाऐवजी क्रमांक द्या. सुरुवातीला शाळेचा क्रमांक, मुलगा की मुलगी, आणि घरची भाषा असे तीन स्तंभ ठेवा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, पोरांच्या घरी कोलामी, तांड्यावर बंजारा, काही घरांत गोंडी. या स्तंभाचा उपयोग शेवटी कळेल.

रिकाम्या उत्तराचे दोन प्रकार असतात. पोराने मधला प्रश्न सोडून पुढचे सोडवले असतील तर तिथे ९ भरा, तो प्रश्न चूक धरायचा. पण पेपर संपण्याआधी वेळ संपला आणि शेवटचे चार प्रश्न कोरे राहिले, तर तिथे ८ भरा. काठिण्य काढताना हे ८ हिशोबात घेऊ नका. नाहीतर पेपराच्या शेवटी येतो एवढ्याच कारणाने साधा प्रश्न अवघड ठरतो.

भरताना एकाने वाचावं, दुसऱ्याने टाइप करावं. झाल्यावर दर दहावा पेपर काढून ताडून पाहा.

२. काठिण्यमूल्य

दुसऱ्या शीटवर उत्तरसूचीशी जुळलं तर १, ८ असेल तर रिकामं, नाही तर ० असं सूत्र लावा. प्रत्येक प्रश्नाच्या स्तंभाची सरासरी म्हणजे काठिण्यमूल्य. १२० पैकी ९० पोरांचं बरोबर असेल तर ०.७५. नाव काठिण्य असलं तरी आकडा मोठा म्हणजे प्रश्न सोपा, हा घोळ डोक्यात पक्का करून ठेवा.

चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून खूण केली तरी ०.२५ मिळतात. आकडा त्याच्याही बराच खाली गेला तर पोरांना येत नाही एवढंच कारण पुरत नाही. एखादा चुकीचा पर्याय त्यांना ओढतोय, किंवा उत्तरसूचीतच चूक आहे.

३. भेदनमूल्य

प्रश्न हुशार आणि कच्च्या पोरांना किती वेगळं करतो, ते सांगणारा हा आकडा. एकूण गुणांनुसार पोरं लावा. वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के घ्या. हा २७ चा आकडा ट्रुमन केली यांनी १९३९ साली गणिताने दाखवून दिला: गट पुरेसे वेगळे राहतात आणि पुरेसे मोठेही. १२० पोरांत हे ३२-३२ होतात. वरच्या ३२ पैकी २८ जणांचं बरोबर, खालच्या ३२ पैकी १२ जणांचं, तर भेदनमूल्य (२८ − १२) ÷ ३२ = ०.५०. उत्तम प्रश्न. ०.३० च्या वर चांगला, ०.२० च्या खाली पुन्हा वाचून पाहावा असा, आणि उणे आलं तर बाकी काम बाजूला ठेवून आधी तो प्रश्न उघडा.

स्प्रेडशीट हाताशी असेल तर याहून नेमका उपाय म्हणजे सहसंबंध. प्रश्नाचा ०-१ चा स्तंभ आणि त्या प्रश्नाचा गुण वजा करून उरलेले एकूण गुण, यांच्यावर ‘कोरेल’ सूत्र लावायचं. वजा करणं विसरू नका. वीस प्रश्नांच्या पेपरात प्रश्न स्वतःशीच थोडा जुळतो आणि वाईट प्रश्नही बरा दिसतो.

आमचा गव्हाचा प्रश्न उणे होता. हुशार पोरं चुकत होती, कच्ची पोरं बरोबर येत होती.

४. चुकीचे पर्याय वाचणं

मला विचाराल तर सगळ्यात जास्त शिकवणारी पायरी हीच. वर्गात उद्या काय घ्यायचं ते इथे कळतं.

५०३ − २६८ हे उदाहरण घ्या. बरोबर उत्तर २३५. चुकीचे पर्याय म्हणून २१०, ४००, १५० असे वाटेल ते आकडे दिले तर चुकलेल्या पोराबद्दल काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी ३६५, ३४५ आणि ३३५ द्या. ३६५ निवडणारं पोर प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान वजा करतं, वर कोणता खाली कोणता हे बघत नाही. ३४५ वालं हातचा घेतं, पण ज्याच्याकडून घेतला त्याचा कमी करत नाही. ३३५ वाल्याला शून्याचे नऊ होतात हे माहीत आहे, फक्त ते नऊ शतकाच्या घरातून आले हे तो विसरतो. तिघांनाही शून्यच गुण, पण पहिल्याला काड्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात हवी आणि तिसऱ्याला पाच मिनिटं पुरतात.

कोष्टक असं करा: आडवे पर्याय, उभे वरचा, मधला आणि खालचा गट. प्रत्येक घरात किती पोरं ते लिहा. चुकीचा पर्याय खालच्या गटाला जास्त आणि वरच्या गटाला कमी ओढत असेल तर तो आपलं काम करतोय. कुणीच न निवडलेला पर्याय बदला. वरच्या गटाला ओढणारा पर्याय दिसला तर त्या पोरांना बोलावून कारण विचारा. त्याला दुसरा इलाज नाही.

५. पेपराची विश्वसनीयता

विश्वसनीयता म्हणजे पेपराच्या गुणांवर कितपत भरवसा ठेवता येतो ते; १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं. कुडर आणि रिचर्डसन यांनी १९३७ साली दिलेलं विसावं सूत्र ०-१ गुणांच्या पेपराला चालतं. प्रत्येक प्रश्नासाठी बरोबरचं प्रमाण गुणिले चुकीचं प्रमाण काढा आणि सगळ्यांची बेरीज करा. समजा ती ४.२ आली. एकूण गुणांचं प्रचरण (गुणांचा पसारा; त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन) समजा १८. प्रश्न २०. मग (२० ÷ १९) × (१ − ४.२ ÷ १८) = ०.८१ च्या जवळपास.

यातून मापनाची प्रमाणत्रुटी, म्हणजे एका पोराचे गुण सहज किती इकडे-तिकडे होऊ शकतात ते, निघते: प्रमाण विचलन गुणिले (१ − विश्वसनीयता) चं वर्गमूळ. १८ चं वर्गमूळ ४.२४, त्याला ०.४४ ने गुणलं की साधारण १.९ गुण. म्हणजे १२ गुणांचं पोर आणि १३ गुणांचं पोर यांच्यात फरक आहे असं हा पेपर सांगूच शकत नाही. एका गुणावरून पहिला-दुसरा क्रमांक काढून फळ्यावर लिहिणं मी तेव्हापासून बंद केलं.

६. इथवर पुरत नाही ते काय

काठिण्यमूल्य ०.७५ आलं ते या पोरांमुळे. हाच प्रश्न तालुक्याच्या मोठ्या शाळेत दिला तर ०.९ येईल, आणि कापूस वेचणीच्या हंगामात निम्मा पट गैरहजर असताना दिला तर आणखी काही. पोराचे गुणही तसेच: सोप्या पेपरात १५, अवघड पेपरात ९. पोर तेच. पोराची क्षमता आणि प्रश्नाचं काठिण्य एकमेकांपासून सोडवायचं असेल तर मॉडेल लागतं.

डेन्मार्कचे गणितज्ञ जॉर्ज रॅश यांनी १९६० साली ते पुस्तकरूपाने मांडलं. कल्पना अशी, की क्षमता आणि काठिण्य एकाच फूटपट्टीवर मोजायचं. पोराची क्षमता ‘क्ष’ आणि प्रश्नाचं काठिण्य ‘क’ म्हणा. उत्तर बरोबर येण्याची शक्यता फक्त या दोघांच्या वजाबाकीवर ठरते:

शक्यता = ई^(क्ष − क) ÷ (१ + ई^(क्ष − क)), यात ई म्हणजे २.७१८.

दोन्ही सारखे असतील तर शक्यता ०.५०. पोर एक एककाने वर असेल तर ०.७३, दोनने वर तर ०.८८, एकने खाली तर ०.२७. या एककाला लॉजिट म्हणतात. बैलाच्या ताकदीच्या बरोबरीचं ओझं बंडीत असेल तर चढ कधी चढेल, कधी नाही. बैल दमदार असेल तर बहुतेक वेळा चढेल, पण एखाद्या वेळी तोही अडतो. मॉडेल एवढंच म्हणतं, फक्त मोजून म्हणतं.

हाताने अंदाज काढता येतो, आणि कॉम्प्युटरवर जाण्याआधी तो एकदा काढाच. हे काठिण्य (इथे मात्र आकडा मोठा म्हणजे प्रश्न अवघड) म्हणजे चुकलेल्यांचं प्रमाण भागिले बरोबर आलेल्यांचं प्रमाण, आणि त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. स्प्रेडशीटमध्ये ‘एलएन’ सूत्र. काठिण्यमूल्य ०.८० असलेल्या प्रश्नाचं काठिण्य −१.३९ येतं, ०.५० चं ०, ०.३० चं +०.८५. पोराचंही तसंच, फक्त भागाकार उलटा: २० पैकी १५ बरोबर म्हणजे १५ भागिले ५, त्याचा लॉग १.१०. हा ढोबळ आकडा आहे. खरा हिशोब पोरांचा आणि प्रश्नांचा पसारा दोन्ही एकदम जुळवतो, त्यामुळे थोडा वेगळा येतो.

वीसपैकी वीस किंवा शून्य मिळालेल्या पोराचा आकडा असा निघतच नाही. ते बरोबरच आहे. आपल्या पट्टीपेक्षा उंच झाडाची उंची ती पट्टी कशी सांगणार?

७. कॉम्प्युटरवर

‘आर’ नावाची मोफत प्रणाली उतरवून घ्या. तिच्यात एम-आय-आर-टी या चार इंग्रजी अक्षरांचं पॅकेज आहे, तसंच टी-ए-एम हेही. ०-१ ची शीट सीएसव्ही करून द्या, एकच मिती आणि रॅश प्रकार निवडा. निकाल काही सेकंदांत येतो. पहिल्यांदा करताना दोन गोष्टींनी मी अडलो, त्या सांगून ठेवतो.

एक, एम-आय-आर-टी आपणहून ‘डी’ नावाचा स्तंभ छापतं. तो सोपेपणा दाखवतो, काठिण्य नाही. रॅशमध्ये त्याचं चिन्ह उलटं केलं की काठिण्य मिळतं, किंवा नेहमीच्या पद्धतीत आकडे दे असं पॅकेजलाच सांगता येतं. हे न कळल्यामुळे मी एक आख्खी संध्याकाळ अवघड प्रश्नांना सोपं समजून वाचली. ताडून पाहायची खूण सोपी: काठिण्यमूल्य सगळ्यात कमी असलेल्या प्रश्नाचं ‘क’ सगळ्यात मोठं यायला हवं.

दोन, ही पॅकेजं शून्य पोरांच्या सरासरीवर ठेवतात, प्रश्नांच्या सरासरीवर नाही. म्हणून −०.६ काठिण्याचा प्रश्न म्हणजे आपल्या सरासरी पोरापेक्षा ०.६ ने सोपा.

यापुढची मॉडेलंही आहेत. अॅलन बर्नबॉम यांच्या दोन-घटकी मॉडेलात प्रत्येक प्रश्नाची भेदनक्षमता वेगळी धरतात, तीन-घटकीत अंदाजाने बरोबर येण्याचाही हिशोब असतो. फ्रेडरिक लॉर्ड आणि मेल्विन नोविक यांच्या १९६८ च्या ग्रंथात ती सविस्तर आली. पण त्यांना पोरं जास्त लागतात. दोन-घटकीला साधारण ५०० आणि तीन-घटकीला हजार हाताशी नसतील तर मी त्या वाटेला जाऊ नका असंच सांगेन. आकडे सुंदर छापून येतात, पण पुढच्या चाचणीत टिकत नाहीत. शंभर-सव्वाशे पोरांत रॅश जे देतं ते धरून चालता येतं.

८. मॉडेलला न जुमानणारे प्रश्न

प्रत्येक प्रश्नासमोर इनफिट आणि आउटफिट असे दोन आकडे मागवा. १ च्या आसपास म्हणजे प्रश्न मॉडेलच्या अपेक्षेप्रमाणे वागतोय. साधारण ०.७ ते १.३ चालतं. आउटफिट १.३ च्या बरंच वर गेलं तर अनपेक्षित घडलंय: सोप्या प्रश्नाला हुशार पोरं चुकली, किंवा अवघड प्रश्न कच्च्यांना जमला. गव्हाचा प्रश्न इथेही वर आला. ०.७ च्या खाली गेलेला प्रश्न घातक नसतो, बहुधा दुसऱ्या कुठल्या प्रश्नाची नक्कल असतो.

एकाच उताऱ्यावर पाच प्रश्न असतील तर सावध. उतारा कळला नाही की पाचही जातात, आणि मॉडेल त्यांना पाच स्वतंत्र साक्षी समजतं. अशा पाचांचा मिळून एकच पाच गुणांचा प्रश्न धरा. दुशिक्षकी शाळेत पोरं एकाच पट्टीवर खेटून बसतात. शेजारच्यांची चुकीची उत्तरंही ओळीने सारखी निघाली तर त्या दोघांचे पेपर या हिशोबातून बाजूला ठेवा. पोरांना रागावू नका, पुढच्या वेळी व्हरांड्यात बसवा.

९. नकाशा

मोठा तक्ताकागद घ्या, मधोमध उभी रेघ, खाली −३ ते वर +३. डावीकडे प्रत्येक पोराच्या क्षमतेच्या जागी एक फुली, उजवीकडे प्रत्येक प्रश्नाचा क्रमांक त्याच्या काठिण्याच्या जागी. याला राइट नकाशा म्हणतात. शिक्षण परिषदेत आकड्यांचा तक्ता दाखवला तर लोक चहाची वाट बघतात. हा कागद भिंतीला लावला तेव्हा सगळे उठून जवळ आले.

आमच्या नकाशात बहुतेक प्रश्न −१.५ ते −०.५ मध्ये दाटले होते आणि +०.५ च्या वर फक्त एक होता. वर फुल्या मात्र पंचवीस-तीस होत्या. म्हणजे त्या पोरांबद्दल आमचा पेपर जवळजवळ गप्प होता. तळालाही तसंच: अगदी खालच्या सात-आठ पोरांना जमेल असा एकही प्रश्न नव्हता. त्यांना काय येतं हे आम्ही विचारलंच नव्हतं. पुढच्या पेपरात तीन प्रश्न वर आणि चार खाली घातले, मधले दाटलेले सात काढले.

१०. घरची भाषा

आता तो घरच्या भाषेचा स्तंभ. कोलामी घरची पोरं एखाद्या प्रश्नात मागे असणं हा पुरावा नव्हे. त्यांची एकूण क्षमता त्या दिवशी कमी असेल. सारख्या गुणांची पोरं शेजारी ठेवून फरक उरतो का ते बघायचं असतं. याला मँटेल-हेन्झेल पद्धत म्हणतात.

समजा ९ ते १२ गुणांच्या गटात मराठी घरच्या २० पोरांपैकी १५ बरोबर, ५ चूक, आणि कोलामी घरच्या १२ पैकी ५ बरोबर, ७ चूक. तिरपा गुणाकार: १५ × ७ = १०५, ५ × ५ = २५, भागाकार ४.२. असे तीन-चार गुणगट करा. प्रत्येक गटातल्या दोन्ही गुणाकारांना त्या गटाच्या पोरांच्या संख्येने भागा, मग पहिल्या गुणाकारांची बेरीज भागिले दुसऱ्या गुणाकारांची बेरीज करा. उत्तर १ च्या जवळ म्हणजे प्रश्न दोघांना सारखा. २ च्या आसपास किंवा वर म्हणजे मोठा फरक. आपली संख्या लहान असते, म्हणून हा निकाल समजायचा नाही, शंका समजायची आणि प्रश्न उघडायचा.

मराठीच्या पेपरात आमच्याकडे लिंग ओळखण्याचे प्रश्न असे वर आले. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. तिच्यात एकवचनात पुरुष एका बाजूला आणि बाकी सारं दुसऱ्या बाजूला अशी दोनच दालनं आहेत. मराठीतली तो, ती, ते ही तीन दालनं त्या पोराला एकेका शब्दासाठी पाठ करावी लागतात. ‘भिंत’ ती का आणि ‘दगड’ तो का, याचं उत्तर आपल्याकडेही नाही.

अशा वेळी प्रश्न सरसकट काढून टाकू नका. लिंग हेच तपासायचं असेल तर प्रश्न राहू द्या आणि त्या पोरांना शिकवण्यासाठी वेगळा वेळ द्या, कारण त्यांना ते खरोखरच शिकायचं आहे. पण गणिताच्या शाब्दिक उदाहरणात असा फरक दिसला तर दोष भाषेचा आहे. क्षेत्रफळाच्या एका उदाहरणात ‘गुंठे’ होते. आमच्याकडे पोरांच्या कानावर एकरच असतो. ‘गुंठे’च्या जागी ‘चौरस मीटर’ केलं.

११. पुढच्या चाचणीशी जोडणी

पायाभूत चाचणीनंतर सत्राअखेरीला पोरं पुढे गेली का, हे नुसत्या टक्क्यांवरून कळत नाही, कारण दुसरा पेपर सोपा-अवघड असू शकतो. पाच-सहा चांगले प्रश्न दोन्ही पेपरांत जसेच्या तसे ठेवा. त्यांची चर्चा मधल्या काळात वर्गात करू नका आणि पेपर परत गोळा करा.

समजा या प्रश्नांचं सरासरी काठिण्य पहिल्या वेळी −०.२० आणि दुसऱ्या वेळी −०.६५ आलं. दोन्ही वेळा शून्य पोरांच्या सरासरीवर आहे. प्रश्न तेच, तरी ०.४५ ने सोपे झाले, म्हणजे पोरं सरासरी ०.४५ लॉजिट वर गेली. आधी एकेका प्रश्नाचा फरकही बघा. एकच प्रश्न बाकीच्यांपेक्षा खूप सरकला असेल तर तो कुठेतरी फुटलाय किंवा घोटून घेतलाय. त्याला वगळून सरासरी काढा.

शेवटचं काम म्हणजे प्रत्येक प्रश्नाचं एक कार्ड: प्रश्न, पर्याय, काठिण्य, भेदनमूल्य, आउटफिट, कोणत्या महिन्यात किती पोरांना दिला, आणि पोरांनी सांगितलेली कारणं. दोन वर्षांत शे-सव्वाशे कार्डं जमतात आणि पेपर काढणं एका दुपारचं काम होतं. गव्हाच्या प्रश्नाचं कार्ड आम्ही फाडलं नाही. त्यावर लिहिलंय: दोन्ही उत्तरांना गुण, आणि पुढच्या वेळी विचारताना खाली एक ओळ रिकामी सोडून ‘असं का वाटतं ते लिहा’ हे जोडायचं.